पद्मिनी उघडताना

पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: पद्मिनी. अॅम्बॅसॅडर दणकट आहे, विलीज जीपचे चाहते गावोगाव आहेत, जुन्या मर्सिडीजची शान तर वेगळीच. पण गाडी स्वतःच्या हाताने उघडायची, समजून घ्यायची आणि परत जोडायची असेल, तर शिकण्यासाठी पद्मिनीसारखी गाडी नाही. बॉनेट उचललं की सगळं समोर दिसतं. कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, रेडिएटर हे सगळं ज्याच्या त्याच्या जागी असतं आणि प्रत्येकापर्यंत हात पोहोचतो. इंजिनाचा कारभार पाहणारा कॉम्प्युटर यात नाही. गाडी बंद पडली तर त्यामागे एक कारण असतं आणि ते डोळ्यांनी, कानांनी, फार तर एखाद्या साध्या मीटरने सापडतं.

ही गाडी आपल्या मातीतलीही आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाटने 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवलेली 1100-103 लवकरच कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिच्या गोल, फुगीर अंगामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली. तिची पुढची दारं उलटी उघडायची. 1964 साली चौकोनी वळणाची 1100 डिलाइट आली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर 1974 पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली आणि विसावं शतक सरेपर्यंत तिचं उत्पादन चाललं. इतक्या वर्षांत ग्रिल बदलली, दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलला. 1,089 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, मागच्या चाकांना जाणारी ताकद, पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, हा गाभा मात्र तसाच राहिला. त्यामुळे एका साली बनलेल्या गाडीचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बसण्याची शक्यता बरीच असते.

सुटे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते मुख्यतः टॅक्सीवाल्यांमुळे. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी हजारोंनी धावत होती, म्हणून तिचे ब्रेक वॉशर, वॉटर पंप, क्लच प्लेट बनवणारे छोटे कारखाने चालत होते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक हौशी माणसांपुरतं राहिलं आहे. सामान अजून मिळतं. कुर्ल्यात, चोर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत, रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोधलं तर हाती लागतं. पण आता ते शोधावं लागतं, आणि पद्मिनीवर हात बसलेले मिस्त्री वयाने थकत चालले आहेत. ज्याला शिकायचं आहे त्याने आत्ताच शिकून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

घेताना पत्रा बघा

गाडी बघायला गेल्यावर नवशिका आधी इंजिन चालू करायला सांगतो. इंजिन बिघडलेलं असलं तरी चालतं. पद्मिनीचं इंजिन उतरवून बोअर करणं, रिंगा टाकणं, क्रँक घासून घेणं ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या लेथवाल्याकडे रीतसर होतात आणि खर्चाचा अंदाजही आधी येतो. सडलेल्या पत्र्याचा खर्च मात्र आधी सांगता येत नाही. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, दारांखालची लांब पोकळ पेटी म्हणजे सिल, आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. ट्रकचा किंवा जीपचा पत्रा सडला तरी खालची चेसिस भार पेलते. इथे सिल सडली की गाडीचा कणाच गेला.

म्हणून सोबत एक लोहचुंबक न्या. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून तो पातळ फडक्यात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, सिल यांवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत सापडते, तिचं काही नाही. पण हातभर लांबीचा थर असला तर त्याखाली पत्राच उरलेला नसतो. मग आतलं मॅटिंग उचला. पावसाचं पाणी विंडस्क्रीनच्या रबरातून शिरतं आणि मॅटिंगखाली साचतं. तिथला फ्लोअर पेचकसाच्या टोकाने दाबून पाहा. जॅक लावायच्या जागा आणि बॅटरीखालचा पत्राही तसाच तपासा. मालकाला हे आवडणार नाही, तरी त्याला विचारून हे करावंच. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि सोलापूर, अहिल्यानगरकडे शेडमध्ये असलेली गाडी यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. दुसरी थोडी महाग मिळाली तरी तीच घ्या.

गंजलेला भाग कापून त्या जागी नवा पत्रा जोडायचा असेल, तर एक गोष्ट डेंटरलाही बजावून सांगावी लागते. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी पट्ट्या टाचून आधार द्यायचा, आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवायचे. आधार न देता सिल कापली तर गाडी मधोमध किंचित खचते. नवी सिल त्या खचलेल्या मापाला जोडली जाते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडा आणि मागच्या भागात काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवा.

आधी थांबायला शिका

गाडी घरी आली की इंजिनावर तुटून पडावंसं वाटतं. माझा आग्रह असा की पहिलं काम ब्रेकचं. एकदा इंजिन सुरू झालं की गल्लीत एक चक्कर मारण्याचा मोह कुणालाच आवरत नाही, आणि वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक विश्वासाचे नसतात. जुन्या मॉडेलांत चारही चाकांच्या ब्रेकला ऑइलचा एकच मार्ग असतो. एका जागी गळती झाली की पेडल थेट खाली जातं.

गाडी जॅकवर उचलल्यावर घोड्या लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. यात सवलत नाही. चाक आणि ड्रम काढल्यावर आतली काळी पूड फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो आणि तो श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतो. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरचं रबर मागे सारून पाहा. आत ओल असेल तर वॉशर गेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे सिलिंडर आतून गंजतो आणि खड्डे पडलेल्या भिंतीवर नवे वॉशरही टिकत नाहीत. अशा वेळी सिलिंडरच बदलावा. रबरी होजकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून त्याचं भोक बारीक होतं. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, परत मात्र येत नाही. ते चाक धरून राहतं, ड्रम तापतो आणि लोक बिचाऱ्या लायनरला दोष देतात. गाडी जुनी असेल तर चाकांकडचे सगळे होज एकदमच नवे टाकावेत.

शेवटी हवा काढायची. याला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, बुडबुडे येऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच “सोड” म्हणायचं. आधी पेडल सुटलं तर निपलमधून हवा परत आत ओढली जाते. वरच्या डब्यातली पातळी सतत बघत राहा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. आणि ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑइल चुकूनही पडू देऊ नका, सगळी रबरं फुगून निकामी होतात.

ठिणगी

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा, आणि सिलिंडरात पुरेसा दाब. गाडी सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकी नेमकं काय नाही, हे आधी शोधायचं. बाजारातून प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असं सगळं आणून एकदम बदललं तर गाडी कदाचित सुरू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही परत तिथेच उभे असाल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम पाहा. गाडी शिकण्याची मला तरी दुसरी वाट माहीत नाही.

डिस्ट्रिब्युटरला गॅरेजात डेल्को म्हणतात. त्याची टोपी काढली की मधोमध चार उंचवट्यांचा दांडा दिसतो आणि त्याला टेकून उघडझाप करणारे पॉइंट. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून बॅटरीचा 12 व्होल्टचा प्रवाह वाहतो. उंचवटा येऊन पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगवर ठिणगी पडते. कंडेन्सर पॉइंटवर होऊ पाहणारी ठिणगी गिळतो, म्हणून पॉइंट जळत नाहीत. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असताना हे सेकंदाला 100 वेळा घडतं.

आता फट लावू. इग्निशन बंद करा. गाडी सपाट जागी उभी करून चौथा गिअर टाका आणि गाडी हाताने हळूहळू पुढे ढकला, म्हणजे इंजिन फिरेल. प्लग काढून ठेवले असतील तर ते अगदी सहज फिरतं. पॉइंटची टाच उंचवट्याच्या अगदी माथ्यावर आली की थांबा. पॉइंट आता पूर्ण उघडले आहेत. त्यांची तोंडं बघा. एका तोंडावर बारीक टेकडी आणि समोरच्यावर खड्डा झालेला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. तोंडं बारीक कानशीने सपाट करून घ्या, मग फिलर गेजचं पान फटीत घाला. फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. पान किंचित अडखळत सरकलं पाहिजे, पण पॉइंट ढकलले जाता कामा नयेत. स्क्रू कसल्यावर परत मोजा, कारण कसताना फट हमखास हलते. शेवटी टाच जिथे घासते तिथे ग्रीसचा एक कण लावा. ग्रीस नसलं तर टाच झिजते आणि फट आपोआप कमी होत जाते.

ही फट आणि टायमिंग एकमेकांत गुंतलेले आहेत. फट मोठी झाली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी अलीकडे सरकते. फट लहान झाली की ठिणगी उशिरा पडते, गाडी सुस्त होते, तापू लागते. म्हणून आधी फट आणि मगच टायमिंग, हा क्रम मोडायचा नाही. प्लगच्या वायरींचा क्रम 1-3-4-2 आहे. टोपी काढण्याआधी वायरींवर चिकटपट्टीने नंबर घालून ठेवा.

पेट्रोल

गाडी थंड असताना सुरळीत चालते आणि दुपारच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये बंद पडते, ही पद्मिनीची जुनी तक्रार आहे. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असल्याने तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. टॅक्सीवाले त्यावर ओलं फडकं ठेवायचे, ते यासाठीच. पण तापल्यावर दगा देणारा कंडेन्सरही अगदी अशीच लक्षणं दाखवतो. फरक कळायला गाडी बंद पडल्यावर लगेच, ती थंड व्हायच्या आत ठिणगी तपासायची. ठिणगी नसेल तर पंपाचा काही दोष नाही. ठिणगी चांगली निळी असेल तर पेट्रोलकडे वळा.

पेट्रोलचं एक दुखणं नवं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. पद्मिनीची रबरं त्या हिशेबाने बनलेली नाहीत. जुन्या नळ्या मऊ पडतात, पंपाचा डायफ्रॅम फुगतो, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज चढतो. इथेनॉल चालेल अशा नळ्या आणि डायफ्रॅम टाकून घ्या, टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये फिल्टर बसवा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळही होतं. प्लगची टोकं पांढुरकी दिसू लागली आणि वेग घेताना गाडी अडखळू लागली, तर जाणकाराला विचारून मेन जेट एक नंबर मोठा बसवावा लागतो. कार्ब्युरेटरचे जेट साफ करायला तार वापरू नका. ते भोक फार नेमक्या मापाचं असतं, हवेने किंवा क्लीनरने काम भागतं.

इंजिन खोलावं की नाही

धूर दिसला की “इंजिन उतरवा” म्हणणारे पुष्कळ भेटतील. आधी कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. चौघांत फारसा फरक नसेल तर इंजिनाला हात लावू नका. एखादा कमी असेल तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले दिसले तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट फुटली असण्याचा संभव मोठा. या अर्ध्या तासाच्या कामामुळे काही हजारांचा खर्च वाचतो, आणि मिस्त्रीशी बोलतानाही तुम्ही नेमकं बोलता.

हेड उतरवावंच लागलं तर लक्षात घ्या की ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त पसरतं. इंजिन गरम असताना नट सोडले तर हेड वाकतं. पूर्ण थंड झाल्यावर बाहेरच्या नटांपासून थोडे थोडे सैल करत आत या. बसवताना उलट: मधल्या नटांपासून बाहेरच्या कडेकडे, टॉर्क पान्याने, दोन-तीन टप्प्यांत. हेड उघडलंच आहे तर लेथवाल्याकडून ते सपाट आहे का ते तपासून घ्या, आणि व्हॉल्व्हच्या सीट झिजल्या असतील तर कडक धातूच्या बसवून घ्या. 2000 पासून आपल्याकडे शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं आणि जुन्या मऊ सीटना शिशाचा जो आधार होता तो गेला आहे. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय सोडून कूलंट घाला. त्या पाण्याने अॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं.

मूळ बोअर 68 मिलिमीटरचा आहे. सिलिंडर झिजले असतील तर बोअर थोडा मोठा करून त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करून घेऊ नका. आता प्रत्येक माप बाजारात मिळेलच असं नाही.

किती नवं करायचं

चकचकीत रंग, नवी क्रोम आणि आत सोफ्यासारखं रेक्झिन अशी पद्मिनी प्रदर्शनात गर्दी खेचते. मला ती गाडी जास्त आवडते जिच्यात कुर्ल्याच्या कारखान्यातला मूळ रंग कुठे कुठे शिल्लक आहे, मीटरची काच थोडी पिवळी पडली आहे आणि स्टीअरिंगशेजारचा गिअरचा दांडा हातांनी गुळगुळीत झाला आहे. रंग परत केव्हाही देता येतो. एकदा घासून टाकलेला मूळ रंग मात्र परत येत नाही. सुट्या केलेल्या प्रत्येक भागाचा फोटो काढा, नट-बोल्ट छोट्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. जुना भाग नवा बसवल्यावरही फेकू नका. बाजारातला नवा भाग मापाला नसला तर दुरुस्त करायला तोच जुना लागतो.

कागद

गाडी पसंत पडली तरी पैसे देण्याआधी आरसी पुस्तकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून पडताळा. नोंदणीची 15 वर्षं कधीच उलटलेली असतात. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालं आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का, ते पाहा. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नवीन नंबर घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. 1974 च्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशीला पोहोचल्या आहेत. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवणंच बरं.

पहिले 500 किलोमीटर

जोडलेली गाडी पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा घराजवळच फिरवा. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तो ब्रेक धरतो आहे. चाकांचे नट परत कसा. पेट्रोलचा वास येतो का बघा, येत असेल तर तिथेच थांबून गळती शोधा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी त्यावर कुठे काय गळलं ते स्वच्छ दिसतं. काळं असेल तर इंजिन ऑइल, जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअर किंवा डिफरन्शियलचं, हिरवट असेल तर कूलंट, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेकचं. हेड उतरवलं असेल तर गॅस्केट बसल्यावर थंड इंजिनावर नट परत टॉर्कला लावा आणि टॅपेट मोजा, कारण नट कसल्यावर टॅपेटची फट बदलते. नव्या रिंगा टाकल्या असतील तर 500 किलोमीटरपर्यंत एकाच वेगाने लांब पल्ला पळवू नका, चढ-उताराच्या रस्त्यावर वेग कमी-जास्त करत चालवा. मग ऑइल गरम असतानाच काढा, ते पांढऱ्या फडक्यावर थोडं ओतून उन्हात धरा. पहिल्या खेपेला बारीक चमकणारी धूळ दिसेल, ती नव्या रिंगा घासून बसल्याची. पुढच्या बदलात ती बरीच कमी झालेली दिसली तर रिंगा नीट बसल्या. तेवढीच राहिली किंवा तिच्यात तांबूस कण दिसले, तर बेअरिंग तपासायला ऑइल पॅन उतरवा.